पोराच्या पापण्या सुजल्या, डॉक्टर म्हणतात ‘व्हायरल आहे’

प्रश्न : आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १४ किलो. रविवारी सकाळी उठला तर उजवी पापणी इतकी सुजलेली की डोळा उघडेना. त्याआधी दोन दिवस सर्दी आणि १०१ पर्यंत ताप होताच. मंगळवारी डावीही सुजली. डोळे लाल, सारखं पाणी गळतं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटलेल्या असतात. उजव्या कानापुढे हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि ‘व्हायरल आहे, हळूहळू जाईल’ म्हणाले. तापाचं सिरप आणि डोळ्याला ओलावा देणारे साधे थेंब, एवढंच लिहून दिलं. सासूबाई म्हणतात, “डॉक्टरले काही समजलंच नाही, नाही तं औषध काहून नाही देल्लं?” त्यांना काजळ घालायचंय, तुरटीच्या पाण्यानं डोळे धुवायचेत. शेजारच्या ताईंकडे त्यांच्या मुलाच्या वेळचे थेंब उरले होते, ते मी दोनदा घातले. लाली लगेच कमी वाटली. घालत राहू का? घरात सात महिन्यांची मुलगीही आहे. आणि पुढच्या आठवड्यात तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून ठेवलाय, पोरगं रोज विचारतं. नेऊ का?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, पोळ्याच्या आत तुमच्या हाती पडावं म्हणून या आठवड्यात बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुमचंच आधी घेते.

शेजारचे थेंब आजच बंद करा. दोनदा घातल्यानं काही बिघडलं असण्याची शक्यता फार कमी आहे, तेव्हा रात्रभर जागू नका. पण ती बाटली उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर औषधाच्या नावापुढे नुसतं ‘डी’ लावलेलं असतं, ते अनेकदा डेक्सामेथासोनचंच. लाली झटकन उतरली असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला हाच संशय येतो. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबतं, विषाणूला काही करत नाही. उलट शरीर त्याच्याशी जे लढत असतं तेच ढिलं पाडतं. पापणी सुजवणारा विषाणू नागिणीच्या जातीतला, म्हणजे हर्पिसचा निघाला, तर स्टिरॉइडच्या थेंबांनी बुबुळावरची जखम पसरते आणि कायमचा डाग राहू शकतो. लहान मुलांच्या डोळ्यातला दाबही या थेंबांनी वाढतो, तोही बाहेरून न कळता. नेत्रतज्ज्ञ कधीकधी हेच औषध देतात, पण ते बुबुळ तपासून, मोजून, आणि पुन्हा बोलावून. उघडून महिना होऊन गेलेली कुठलीही थेंबांची बाटली, दुसऱ्याच्या डोळ्याला लागलेली तर नक्कीच, कचऱ्यात जायला हवी. शेजारच्या ताईंना वाईट वाटेल, वाटू द्या. आणि तुमच्या डॉक्टरांना ‘हे थेंब दोनदा घातले’ असं सांगा. आया हे लपवतात, रागावतील म्हणून. मग आम्ही डॉक्टर अंधारात चाचपडतो.

आता पापणीकडे वळू. अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीची असते, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, नुसती सैल जागा असते. जवळपास कुठंही दाह झाला की पाणी तिथे येऊन साठतं. रात्रभर मूल आडवं असतं, म्हणून सकाळी सूज सर्वात जास्त; उठून बसलं, खेळलं की दुपारपर्यंत थोडी उतरते. यामुळेच पापणीची सूज दिसते भयंकर आणि पुष्कळदा असते साधी. किती सुजली यावरून आजार मोठा की लहान ते ठरत नाही. ठरतं ते पापणीच्या मागचा डोळा काय करतोय आणि मूल काय करतंय यावरून. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा हेच पाहिलं असणार आणि त्यांचा निष्कर्ष मला पटतो. फक्त त्यांनी तो तुम्हाला समजावून सांगितला नाही, अशी माझी तक्रार आहे. ‘व्हायरल’ एवढं म्हणून आईला घरी पाठवलं की सासूबाई, शेजारीण आणि औषधाचा दुकानदार उरलेलं निदान पूर्ण करतात.

तुम्ही लिहिलेला क्रम अगदी ओळखीचा आहे. आधी सर्दी-ताप, मग एक डोळा, दोन-तीन दिवसांनी दुसरा, पाण्यासारखा स्राव, सकाळची चिपडं, आणि त्याच बाजूच्या कानापुढे गाठ. ही गाठ पाहून घाबरू नका, डोळ्याकडून येणारा विषाणू तिथे अडवला जातोय एवढाच तिचा अर्थ. जिवाणूंनी डोळे येतात तेव्हा ती सहसा लागत नाही, म्हणून आमच्यासाठी ती कामाची खूण. हे सगळं बहुतेक वेळा अॅडिनोव्हायरसचं काम असतं. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती आणि नागपूरही त्यातून सुटलं नव्हतं, ते आठवत असेल. लहान मुलांत अॅडिनोव्हायरस मोठ्यांपेक्षा जास्त दंगा करतो. पापण्या टम्म सुजतात आणि काहींच्या पापणीच्या आतल्या बाजूला पांढरट पातळ पडदा धरतो. कधीकधी पाण्यात रक्ताची लाल छटाही येते. असा पडदा किंवा रक्त दिसलं तर नेत्रतज्ज्ञांकडे जा, पडदा काढावा लागतो आणि तो घरी ओढून काढायचा नसतो. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, पहिले चार-पाच दिवस हे वाढतंच. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत पत्र लिहिलंय. पापण्यांची सूज साधारण आठवड्यात उतरू लागते, लाली पूर्ण जायला दोन, क्वचित तीन आठवडेही लागतात.

‘व्हायरल’च्या पोटात इतरही बरीच मंडळी असतात. पापणीवर किंवा तिच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड एकत्र आले असतील तर तो हर्पिस, त्याला वेगळं औषध आहे आणि ते लवकर सुरू करावं लागतं. ताप, खोकला, नाक गळणं, लाल डोळे आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ, हा गोवर. पोराचं लसीचं कार्ड काढून गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, ९ ते १२ महिन्यांचा आणि १६ ते २४ महिन्यांचा, झालेत का ते पाहून घ्या. एपस्टाइन-बार नावाचा आणखी एक विषाणू आहे. त्यात डोळे फारसे लाल न होता दोन्ही वरच्या पापण्या सुजतात, सोबत घसा दुखतो, मानेत गाठी येतात, ताप आठवडाभरही रेंगाळतो, प्लीहा वाढू शकते. अशा मुलाला घसा लाल दिसला म्हणून अॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिलं की पुष्कळदा अंगभर पुरळ उठतं आणि सगळे समजतात औषधाची अॅलर्जी झाली. ‘औषध का दिलं नाही?’ या सासूबाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं की विषाणूवर प्रतिजैविक चालतच नाही. जिवाणूंमुळेही मुलांचे डोळे येतात. त्यात पिवळा घट्ट पू पुसला तरी दिवसभर येत राहतो, आणि तेव्हा डॉक्टर थेंब देतातच. तुम्ही लिहिलंय पाणी गळतं आणि चिपडं फक्त सकाळी. त्यामुळे न दिलेलं औषध हा इथे डॉक्टरांचा विचार आहे, आळस नाही.

तरीही एका गोष्टीत मी ‘व्हायरल आहे, जाईल’ यावर डोळे मिटून विश्वास ठेवू देणार नाही. डोळ्याच्या खोबणीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. त्याच्या पुढे झालेला संसर्ग पापणीपुरता राहतो, मागे गेला तर नजर आणि जीव दोन्ही धोक्यात येतात. लहान मुलांत नाकाच्या बाजूची हवेची पोकळी (सायनस) आणि खोबण यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं. सर्दी सायनसमध्ये साचली की तिथून जिवाणू मागे शिरू शकतात. सुरुवात विषाणूच्या साध्या सर्दीनंच होते, म्हणून फसायला होतं. हे तपासायला तुम्हाला कुठलंही यंत्र लागत नाही. दिवसातून दोनदा, पोरगं शांत असताना, त्याच्या आवडीचं खेळणं डोळ्यांसमोर धरून डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवा. डोकं स्थिर राहू दे, फक्त डोळे फिरले पाहिजेत. दोन्ही सारखे फिरतात का, फिरवताना तो कळवळतो का, बघा. पापणी हलक्या हाताने उघडून एकेक डोळा झाकून लांबचं चित्र दाखवा, ओळखतो का?

डोळा पुढे आल्यासारखा वाटला, फिरेना, फिरवताना दुखला, दोन-दोन दिसू लागलं, नजर कमी वाटली, तर ओपीडीची वेळ बघू नका. एकाच डोळ्याची पापणी गरम, लालबुंद आणि हात लावू देत नाही इतकी दुखरी झाली आणि ताप चढत गेला, तरीही तेच. मूल सुस्त पडलं, मान ताठ धरली, उलट्या थांबेनात, तरी तेच. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो रुग्णालय किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ असेल त्याच्या आपत्कालीन विभागात रात्री २ वाजताही जा. हे आजार शिरेतून औषध देऊन बरे होतात, पण उशीर परवडत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. पोरगं रोज बैलाबद्दल विचारतंय, हे वाचून मला बरं वाटलं. आजारी मूल सण विसरतं.

घरी करायचं ते थोडकंच. स्वच्छ सुती कापड थंड पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर पाच-दहा मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि बोळा टाकून द्या, दुसऱ्या डोळ्याला दुसरा. चिकटलेल्या पापण्या ओढून उघडू नका, ओला बोळा दोन मिनिटं ठेवला की आपोआप सुटतात. ओलाव्याचे थेंब फ्रीजमध्ये ठेवलेत तर घातल्यावर गार वाटतात, मुलं कमी रडतात.

तापाच्या सिरपबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे चुका फार होतात. पॅरासिटामॉलचा एक डोस मुलाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या मुलासाठी १४० ते २१० मिलिग्रॅम. पण दुकानात दोन ताकदींच्या बाटल्या मिळतात. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवाली असेल तर ३ ते ४ मिली पुरतं, १२० वाली असेल तर ६ ते ८ मिली लागतं. ‘मागच्या वेळी एवढंच दिलं होतं’ या हिशेबाने दिलं की कधी औषध निम्मं पडतं, कधी दुप्पट. लेबल वाचूनच द्या. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. अॅस्पिरिन लहान मुलांना विषाणूच्या तापात कधीच नाही.

सासूबाईंचं बोलू. त्या पोराच्या काळजीनेच बोलतायत, तेव्हा सगळंच उडवून लावू नका. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढू द्या, फक्त मिरच्या जाळलेला धूर पोराच्या तोंडापुढे नको, सुजलेला डोळा त्याने पेटतो. काजळ मात्र अजिबात नाही. बोटावरचे जंतू सरळ डोळ्यात जातात, आणि बाजारातल्या कित्येक काजळांत शिसं सापडलेलं आहे. तुरटी, गुलाबपाणी, मध, आईचं दूध, यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. त्यांना थंड कापडाच्या घड्या ठेवायचं काम द्या. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आजीच्या मांडीवर मूल दहा मिनिटं शांत पडून राहतं, तुमच्याकडे राहणार नाही.

डोळे बघितल्याने येत नाहीत, हात लागून येतात. पोरगं डोळा चोळतं, मग खेळणं धरतं, ते खेळणं छोटी तोंडात घालते. अॅडिनोव्हायरस कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस टिकतो आणि हात धुवायच्या अल्कोहोलच्या जेलला फारसा जुमानत नाही. म्हणून साबण आणि वाहतं पाणी, तेही वीसेक सेकंद; त्याचे, तुमचे, आजीचे, सगळ्यांचे हात. त्याचा टॉवेल, उशी, रुमाल वेगळे. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा गरम पाण्याने धुऊन वर इस्त्री फिरवा. पोराला औषध घालून झालं की हात धुवायच्या आधी छोटीला उचलू नका. ती अंगावर पीत असेल तर दूध चालू ठेवा. एवढं करूनही तिचा डोळा आला तर घाबरू नका, पण मुलाचेच थेंब तिला लावून बघू नका. सात महिन्यांच्या मुलीला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. (बाळ महिन्याच्या आतलं असतं तर मी हे आणखी वेगळं लिहिलं असतं. नवजात बाळाच्या पापण्या सुजून पू आला तर ती तातडीची बाब असते, कारण प्रसूतीच्या वाटेवरच्या काही जंतूंनी बुबुळ लवकर खराब होतं.)

आणखी एक, जे विचारलेलं नाही. हे पत्र वाचणाऱ्या काही घरांत मुलाच्या पापण्या सुजलेल्या असतील, पण डोळे लाल नसतील. पाणी नाही, खाज नाही, ताप नाही. रोज सकाळी चेहरा सुजलेला, संध्याकाळी ठीक. घरचे म्हणतात, झोप जास्त झाली, नाही तर अॅलर्जी आहे. आठवडाभर अॅलर्जीचं सिरप चालतं आणि मग पाय सुजतात, पोट फुगतं, लघवी कमी होते, तिला फेस येतो. हा मूत्रपिंडाचा आजार असतो, नेफ्रोटिक सिंड्रोम, आणि तो तुमच्या मुलाच्याच वयात, दोन ते सहा वर्षांच्या आसपास, जास्त सुरू होतो. निदानाला लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासणारी एक साधी, स्वस्त तपासणी पुरते. तुमच्या पोराला याची शंका घेण्यासारखं आत्ता काही नाही. पण लाली पूर्ण गेल्यावरही सकाळची सूज राहिली, तर पुढच्या भेटीत ‘लघवी तपासायची का?’ असं स्वतः विचारा.

पुन्हा दाखवायचं कधी? ताप पाच दिवसांच्या पुढे गेला तर बालरोगतज्ज्ञांकडे. सुरुवातीपासून सात दिवसांत सूज उतरायला लागली नाही, उजेड सहन होईना, किंवा लाली गेल्यावर धूसर दिसतंय असं वाटलं तर नेत्रतज्ज्ञांकडे. काही मुलांत डोळे बरे झाल्यावर बुबुळावर बारीक ठिपके उमटतात आणि उजेडाचा त्रास सुरू होतो, ते दिव्याखाली तपासूनच कळतं.

राहिला तान्हा पोळा. डोळ्यातून पाणी येतंय आणि डोळा लाल आहे तोवर तो इतरांना देऊ शकतो, साधारण १० ते १४ दिवस. पुढच्या आठवड्यात तो यातच बसतो. त्यामुळे वस्तीतल्या मैदानावर नेऊ नका. मुलं एकमेकांचे बैल हातात घेऊन बघतात, दोरी ओढतात, एकाच थाळीतला खाऊ घेतात. त्याच दिवशी मारबतीबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या मोठ्या पुतळ्याबरोबर, रोगराईला गावाबाहेर हाकलायचं म्हणून इतवारी-महालात आपण खांद्याला खांदा घासत उभे राहतो, ही नागपूरची जुनी गंमत आहेच. तिथे तर लाल डोळ्याचं मूल कडेवर घेऊन अजिबात जाऊ नका. बैल घराच्या ओट्यावर सजवा, आजीला ओवाळू द्या आणि बोजारा (मुलांना मिळणारा खाऊ-पैसा) तिच्याच हातून मिळू द्या. शेजारच्या मुलांच्या आयांना आधीच फोन करून कारण सांगितलंत तर त्याही आपापला खाऊ दारात ठेवून जातील. बालवाडीतही खरं कारण कळवा, ‘थोडं बरं नाही’ म्हणू नका. त्याच वर्गात आणखी कुणाचे डोळे आलेत का ते त्यांना पाहता येईल, आणि तुम्हालाही कळेल हे आलं कुठून.